मुळासकट उपटलेलं गवत

अलिडा विर्समा रविवारी कपडे धुवायची आणि ते पुढच्या अंगणात वाळत घालायची. ऊस्टरवेल्डसारख्या गावात हे म्हणजे चर्चच्या दारावर दगड मारण्यासारखंच होतं. मिशिगन सरोवराच्या काठचं हे गाव, सगळी डच वस्ती, सगळे कर्मठ. रविवारी हिरवळ कापायचं यंत्रसुद्धा कोणी बाहेर काढत नसे. सकाळी साडेनऊला चर्चकडे निघालेल्या मोटारी तिच्या कुंपणासमोरून जायच्या तेव्हा आतली माणसं माना वळवून समोरच्या बंद दुकानाकडे बघायची. अलिडा तोंडात चिमटे धरून एकेक चादर, एकेक पायमोजा निवांतपणे तारेवर टाकत असायची. मोटारीत ओळखीचं कोणी दिसलं तर चिमट्यांसकट मान डोलवायची.

त्याच चर्चमध्ये तिचा बाप, हार्म विर्समा, तीस वर्षं पंच म्हणून पहिल्या बाकावर बसला होता. तिथेच ती लहान मुलांना बायबलच्या गोष्टी शिकवायची आणि तिथेच तिचं लग्न लागलं. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर, सदतिसाव्या वर्षी, तिला मुलगी झाली आणि ती पहिला श्वास न घेताच गेली. पाळकसाहेब घरी आले, देवाची इच्छा म्हणाले, कॉफी प्याले आणि गेले. पुढचे सहा रविवार अलिडा चर्चला फिरकली नाही. सरोवराकाठी वाळूच्या टेकड्या आहेत, त्यांच्यामागे बीच जातीची जुनी झाडं आहेत, तिथे जाऊन बसायची. सातव्या आठवड्यात दोन पंच विचारपूस करायला घरी आले. त्यातला एक तिचा बापच होता.

"रविवारी कुठे असतेस?" बापाने विचारलं.

"झाडांत."

"तिथे काय ठेवलंय?"

"तिथे मला रडू येतं, बाबा. चर्चमध्ये येत नाही."

"मग रडू नकोस. पण चर्चला ये."

ती गेली नाही. सहा महिन्यांनी चर्चच्या यादीतून तिचं नाव काढलं. नवरा चर्चकडे राहिला आणि घर नवऱ्याकडे राहिलं. दोन पिशव्या घेऊन अलिडा बाहेर पडली, तेव्हा तिला हात दिला तो वॉरन प्रुइटने.

वॉरन शेजारच्या गावात गालिचे विकायचा. उंच, देखणा, आवाज असा की दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक गालिचा घेतल्याशिवाय बाहेर पडत नसे. गावाबाहेर त्याची चाळीस एकर जंगलजमीन होती, आणि तिथे त्याच्यासारखीच पाच-सात माणसं दर पौर्णिमेला जमायची. स्वतःला पेगन म्हणवायची. ख्रिस्ताच्या आधीचे देव, ऋतू, चंद्र, माती यांना मानायची. वॉरनने जमिनीच्या कडेला उभं असलेलं एक चाकांवरचं घर तिला राहायला दिलं. "किती दिवस राहू?" तिने विचारलं. "दिवस कोण मोजतंय?" तो म्हणाला. पहिल्याच पौर्णिमेला ती शेकोटीभोवती बसली. कोणी तिला काही विचारलं नाही. ती रडली तेव्हा शेजारच्या बाईने नुसता पाव आणि बीअर तिच्या पुढ्यात सरकवली.

त्या शेकोटीपाशी ती एकोणीस वर्षं राहिली.

सुरुवातीला तिथे शेकोटी आणि चंद्र एवढंच होतं. मग एका वर्षी वॉरन ऍरिझोनाला कुठल्याशा शिबिराला गेला आणि येताना एक लांब दांड्याची चिलीम आणि एक नवीन नाव घेऊन आला. ते नाव होतं करडा ससाणा. आपली पणजी रेड इंडियन, म्हणजे अमेरिकेच्या मूळ लोकांतली, राजकन्या होती, हेही त्याला तिथेच आठवलं. पुढच्या वर्षी ओढ्याकाठी वाफेची झोपडी उभी राहिली. तापलेल्या दगडांवर पाणी ओतायचं, आत दाटीवाटीने घामेघूम होत बसायचं आणि वॉरनने तोडक्यामोडक्या इंडियन भाषेत काहीतरी म्हणायचं. त्यानंतर पिसांचा टोप आला. देवांच्या फळीवर इजिप्तची इसिस होती, लाकडी अस्वल होतं, आणि त्यांच्या मधोमध कॅटलॉगमधून मागवलेली काली जीभ काढून उभी होती. मंडळ वाढलं, पाचाची चाळीस माणसं झाली.

या सगळ्याला अलिडाने कधी नाक मुरडलं नाही. मुरडावं असं तिच्या डोक्यातही आलं नाही. चाळीस जणांचा स्वयंपाक ती करायची, शेकोटी ती सांभाळायची. वॉरनने एके दिवशी सगळ्यांसमोर तिलाही नाव दिलं, 'गवताचं ऐकणारी'. त्या नावाने हाक आली की तिची मान ताठ व्हायची. चर्चने खोडलेल्या बाईला कोणीतरी नव्याने नाव दिलं होतं, ते कोणाचं उचललेलं आहे हे बघायची तिला गरज वाटली नाही.

पोटापाण्यासाठी ती ग्रीनहाऊसमध्ये काम करायची. बिया पेरायच्या, रोपं निवडायची, ट्रेमधून कुंड्यांत लावायची. तिच्या बाकावर समोरासमोर बर्नाडीन केवे असायची. बर्नाडीन ओडावा जमातीची. तिचे लोक या किनाऱ्यावर डच येण्याच्या कितीतरी आधीपासूनचे. जाड भिंगांचा चष्मा, आखूड केस, रविवारी कॅथलिक चर्च, गुरुवारी बोलिंग. हिवाळ्यात ती ॲशच्या लाकडाच्या पट्ट्यांच्या टोपल्या विणायची आणि त्यांच्या काठाला सुवासिक गवताची वेणी लावायची. टोपली नाकाशी धरली की कापून ठेवलेल्या ताज्या गवतासारखा, थोडा व्हॅनिलासारखा वास यायचा. नऊ वर्षं दोघी समोरासमोर बसून माती हाताळत होत्या. हवामान, गुडघे, मालकाचा कंजूषपणा, सगळं बोलून व्हायचं. आपण पौर्णिमेला कुठे जातो हे मात्र अलिडाने तिला कधी सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं, हा प्रश्न तिने स्वतःला नंतर विचारला. सांगावंसं वाटलं नाही त्यातच उत्तर होतं.

२००३ च्या जूनमध्ये एका दुपारी बर्नाडीन डबा उघडून नुसती बसली होती.

"काय गं, जेवत का नाहीस?" अलिडाने विचारलं.

"डुकरं आली होती."

"कुठे?"

"आमच्या गवतात." बर्नाडीनने डब्याचं झाकण परत लावलं. "नदीच्या फाट्यामागे पाणथळ आहे ना, तिथे. माझी आजी तिथलं विंगश्क, हे वेणीचं गवत, कापायची, मग आई कापायची, आता मी कापते. आधी चिमूटभर तंबाखू ठेवायची, मग एकेक पात वरून कापायची. मूळ जमिनीतच ठेवायचं, म्हणजे पुढच्या वर्षी परत येतं. काल गेले तर सगळं उकरलेलं. मुळासकट. चिखलात खड्डेच खड्डे."

"डुकरांनी?"

"दोन पायांच्या. डुकरं रिबिनी बांधत नाहीत." तिने खिशातून जांभळ्या रिबिनीचा एक मळका तुकडा काढून बाकावर टाकला.

अलिडाने तो उचललाच नाही. बघताक्षणी ओळखला. दहा दिवसांपूर्वी तिनेच त्या रिबिनीचे हात-हातभर तुकडे कापून दिले होते, गवताच्या जुड्या बांधून आणायला. वॉरन आणि आणखी दोघं गवत घेऊन आले. कोणाच्या तरी जमिनीतलं आहे, दिलंय त्यांनी, असं वॉरन म्हणाला. तिने दोन दिवस बसून त्याच्या चाळीस वेण्या वळल्या. दिवस मोठ्यात मोठा असतो त्या सणाला धुरीसाठी. गवताला मुळं होती, मुळांना काळा चिखल होता. मुळं तिनेच कापली आणि कचऱ्याच्या ढिगावर टाकली. वर्षानुवर्षं रोपं हाताळणारी बाई. दिलेलं गवत कोणी मुळासकट देत नाही, हे तिच्या हातांना त्याच क्षणी कळलं होतं. तोंडाने विचारलं नव्हतं.

"बर्नाडीन," ती म्हणाली, "ही रिबिन माझी आहे."

बर्नाडीनने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे?"

अलिडाने सांगितलं. पौर्णिमा, वॉरन, चिलीम, वेण्या, सगळं. आपलं तिथलं नावही सांगितलं, कारण आता लपवण्यात काही उरलं नव्हतं.

"करडा ससाणा!" बर्नाडीन एकदम हसत सुटली, इतकी की पलीकडच्या बाकावरचे वळून बघायला लागले. "तो गालिचेवाला? माझ्या बैठकीच्या खोलीत त्याचाच गालिचा आहे! आणि तू कोण म्हणालीस? गवताचं ऐकणारी? मग काय म्हणालं गं गवत, उपटताना?"

अलिडाची मान खाली गेली. बर्नाडीनचं हसू जसं आलं तसंच गेलं.

"माझी आजी मिशनच्या शाळेत होती," ती सावकाश म्हणाली. "तिच्या उशीखाली गवताची वेणी सापडली म्हणून तिला तळघरात कोंडलं होतं. दोन दिवस. आठ वर्षांची होती. आणि आता तुम्ही तीच वेणी हातात धरून नाचता, आणि वर आम्हालाच विचारता की चेहरा का पडलाय."

"मी काय करू? सांग मला. तू सांगशील ते करते."

"ए, हे मला विचारायचं नाही." बर्नाडीनने डबा पुन्हा उघडला. "गवत पण आमचं, अक्कल पण आमचीच का? माझी जेवायची सात मिनिटं उरलीत."

सणाच्या दिवशी भर दुपारी बारा वाजता चाळीस माणसं ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेत गोल करून उभी राहिली. जूनचं ऊन, त्यात वॉरनच्या डोक्यावर पिसांचा टोप. घामाच्या धारा लागल्या होत्या. अलिडाने वेण्यांचा ट्रे आणला. प्रत्येकाच्या हातात एक वेणी द्यायची, ही दरवर्षीची रीत. ती मधोमध आली आणि ट्रे जमिनीवर ठेवून त्याच्यापुढे उभी राहिली.

"हे मी वाटणार नाही," ती म्हणाली.

कोणाला वाटलं हाही विधीचाच भाग आहे. दोघांनी डोळे मिटून मानाही डोलवल्या.

"डोळे उघडा. हे गवत चोरीचं आहे. ज्यांचं आहे ते इथून चार मैलांवर राहतात. त्यांना कोणी विचारलं नाही. मुळासकट उपटलं. वेण्या मी वळल्या, त्यामुळे मीही चोरच. पण आज इथे थांबते मी. हे गवत, ती झोपडी, ती चिलीम, वॉरनच्या डोक्यावरचा तो टोप, यातलं आपल्याला कोणी दिलेलं नाही. आपण उचललंय."

गोलात कुजबुज सुरू झाली. शाळेत ग्रंथपाल असलेली एक बाई पुढे झाली. "मग ती कालीसुद्धा काढायची का फळीवरून? असं काढत बसलो तर फळी रिकामी होईल, अलिडा."

"होऊ दे. तिचं नाव तरी धड घेता येतं का आपल्याला? आपण तिला 'कॅली' म्हणतो. ती कोणाच्या घरची, तिला काय चालतं, काय चालत नाही, कोणाला ठाऊक आहे? जीभ बाहेर आहे म्हणून मागवली आपण."

एकदोघं फिसकन हसली. वॉरन हसला नाही. तो संथ पावलांनी तिच्यासमोर आला आणि दुकानातला तो मऊ आवाज त्याने काढला.

"अगं, देव काय कोणाच्या मालकीचे असतात? वारा कोणाच्या मालकीचा आहे?"

"वारा कोणाचा नाही, वॉरन. ही चिलीम कोणाची आहे? तुम्हाला कोणी दिली?"

"शिबिरात दिली."

"शिबिरवाल्याला कोणी दिली?"

वॉरनच्या आवाजातला मऊपणा गळून पडला. "तुला तुझ्या बापाने हाकललं तेव्हा दार मी उघडलं. एकोणीस वर्षं माझ्या जमिनीवर राहिलीस. आणि आज चारचौघांत माझा टोप उतरवतेस?"

हे तिला लागलं. खरंच होतं ते. पण मागच्या खेपेलाही, बापासमोर, खरं सांगताना तिच्या मागे कोणी उभं नव्हतं, त्यामुळे एकटं उभं राहायची सवय होती.

"दार उघडलंत, ते मी विसरले नाही," ती म्हणाली. "म्हणून तर तोंडावर सांगतेय. तुम्ही माझे कोणी नसतात तर गुपचूप निघून गेले असते. टोप मी उतरवत नाही. तुम्हीच उतरवा. उकडतंय तुम्हाला."

तो उतरवेना. तिने ट्रे उचलला आणि गोलाबाहेर पडली. वाट द्यायला कोणी सरकलं नाही, तेव्हा दोघांच्या मधून खांदा घालून निघाली. सणाच्या चांगल्या झग्यातच ती कचऱ्याच्या ढिगाशी गेली, गुडघ्यांवर बसली आणि हातांनी उकरायला लागली. मागून ढोलकं सुरू झालं. ढिगाच्या आत ओल होती, ऊब होती. आणि कापून टाकलेल्या त्या मुळांपैकी काही मेली नव्हती. बोटभर पांढरे कोंब फुटले होते. ती ते एकेक करून झग्याच्या ओच्यात गोळा करत गेली. ओचा काळा झाला, गुडघे काळे झाले. मघाची ग्रंथपाल बाई थोडा वेळ लांबून बघत उभी होती. मग ती आली आणि न बोलता शेजारी बसून उकरू लागली.

आठवड्याभरात अलिडाने चाकांवरचं घर सोडलं. आसपास भाड्याने मिळालं ते नेमकं ऊस्टरवेल्डमध्ये, चर्चच्या रस्त्यावर. रविवारचे कपडे वाळत पडायला लागले ते याच घराच्या अंगणात. घरमालकीण एक बहिरी विधवा होती. गावात काय कुजबुज चालते ते तिला ऐकूच येत नसे. बाप तोवर वारला होता. पण बापाचे सोबती होते, त्यांच्या बायका होत्या, आणि दुकानात अलिडा शिरली की पावाच्या फळीपाशी एकदम सगळ्यांना घाई व्हायची.

ग्रीनहाऊसच्या मालकाकडून तिने मागच्या कोपऱ्यातली एक फळी मागून घेतली. त्या कोंबांचे दोन ट्रे तिथे ठेवले. रोज कामाआधी अर्धा तास लवकर येऊन पाणी द्यायची. ऑगस्टपर्यंत ट्रे हिरवेगार झाले. एका सकाळी ती ते दोन्ही ट्रे घेऊन बर्नाडीनच्या जुन्या ट्रकशी उभी राहिली.

"हे काय?" बर्नाडीनने विचारलं.

"तुमचं आहे. सगळं नाही, जेवढं वाचलं तेवढं."

बर्नाडीनने एक रोप उचलून मुळं पाहिली, मातीचा वास घेतला. ग्रीनहाऊसमधल्या बाईने ग्रीनहाऊसमधल्या बाईचं काम तपासावं तसं तपासलं. "माती जरा जड झालीय," ती म्हणाली.

"हो. वाळू घालायला हवी होती."

"ठेव मागे."

अलिडाने ट्रे ट्रकमध्ये ठेवले. "मी येऊ का लावायला? खड्डे..."

"नाही." बर्नाडीनने दार लावलं. "कुठे लावायचं, कोणी लावायचं, ते आम्ही बघू. तू यायचं नाहीस. आणि माझ्याकडून 'असू दे, झालं गेलं' असं काही ऐकायची वाट बघत असशील तर पाय दुखतील तुझे."

"वाट बघत नाहीये," अलिडा म्हणाली. थोडीशी बघत होती. त्या दिवसापासून थांबवली.

त्या शरद ऋतूत तिच्या मागच्या अंगणात पौर्णिमेला तिच्यासकट पाच माणसं जमली. ग्रंथपाल बाई होती, एक सुतार जोडपं होतं, आणि वृद्धाश्रमात परिचारिका असलेली मारिसोल ओलिवारेस होती. मारिसोलचे आईवडील, मूळचे मेक्सिकन, टेक्सासहून ब्लूबेरी तोडायला येत आणि शेवटी इथेच राहिले. शेकोटी पेटली आणि कोणाला काही सुचेना. हातात काही नाही, म्हणायला काही नाही.

"आता काय करायचं?" सुताराने विचारलं.

"मला काय माहीत?" अलिडा म्हणाली. "बसा."

बसली. अर्धा तास अवघडून बसली. मग अलिडाच म्हणाली, की पुढच्या वेळी प्रत्येकाने असं काही आणा, जे खरंच कोणीतरी तुमच्या हातात दिलंय. माझी आजी वाटाण्याच्या पहिल्या शेंगा वाडग्यात घालून बागेच्या खांबावर ठेवायची. कशासाठी विचारलं तर म्हणायची, पक्ष्यांसाठी, आणि आजोबांना सांगू नकोस. मला तेवढंच दिलंय. तेवढंच आणेन. मारिसोलने पुढच्या वेळी आजीचा फोटो आणि झेंडूची फुलं आणली. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी ती घरी मांडते तसं इथे मांडलं. सुताराच्या बायकोला ते फार आवडलं. तिने विचारलं, आम्हीही आमच्या घरी असं मांडू का?

"बघायला या दरवर्षी," मारिसोल गोड हसून म्हणाली. "जेवायलाही या. मांडायचं ते मी मांडेन."

अलिडा इतकी हसली की तिला खोकला आला.

अलिडाने वॉरनच्या गोलात काय केलं हे पेगन मंडळींत लांबवर पसरलं होतं आणि लांबवर जाताना त्याचा रंग बदलला होता. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एका दुपारी तिच्या दारात डेरेक हॅगलंड नावाचा माणूस उभा राहिला. तिशीतला, दाढी व्यवस्थित विंचरलेली, दोन्ही हातांवर उत्तर युरोपातली प्राचीन अक्षरं गोंदलेली, बोलणं अदबीचं. मागच्या अंगणात अलिडा आणि मारिसोल सफरचंदं सोलत बसल्या होत्या. तो खुर्ची ओढून बसला.

"बाई, तुमचं फार ऐकलंय," तो म्हणाला. "तुम्ही परक्यांचं सगळं बाहेर काढलंत. आमचंही तेच म्हणणं आहे. ज्याचं रक्त त्याचे देव. तुमच्या आजीचं ते वाटाण्याचं कळलं. तो नुसता वाडगा नाही, आपल्या पूर्वजांनी धरतीमातेला दिलेला नैवेद्य आहे तो. तीन हजार वर्षांचा."

"पक्ष्यांसाठी होता," अलिडा म्हणाली. "माझ्यासमोर म्हणायची ती."

"वरवर तसं म्हणायच्या बायका." त्याची नजर मारिसोलकडे गेली आणि तिथेच थांबली. "ह्या कोण?"

"मंडळातली आहे."

"बाई, गैरसमज नको. पण हिचे देव वेगळे, आपले वेगळे. तुम्हीच तर म्हणालात, दुसऱ्याचं घ्यायचं नाही."

मारिसोलची सुरी थांबली. अलिडाने हातातलं सफरचंद खाली ठेवलं, मांडीवरची सालं झटकली आणि उभी राहिली. ती फार उंच नव्हती, पण तो बसलेला होता.

"मी म्हणाले, न विचारता घ्यायचं नाही. या बाईला मी बोलावलंय. तिने मला बोलावलंय. मी तिच्या आजीच्या फोटोपुढे जेवलेय. तुला कोणी बोलावलं?"

"मी तुमच्याच बाजूने—"

"माझी बाजू तुला कोणी दिली?" तिचा आवाज चढला. "गवत उचलणारे परवडले रे. त्यांना निदान वास तरी आवडत होता. तू माझी आजी उचलायला आलायस! तिला घेऊन जाऊन तुमच्या झेंड्यावर बसवणार. ती माझी आजी आहे. तुझी कोणी नाही. तिला तुझ्यासारखा कोणी दारात दिसला असता तर तिने झाडू घेतला असता. माझा झाडू आत आहे, आणू?"

तो उठला. "तुम्हाला पश्चात्ताप होईल. शेवटी तुमच्या बाजूला कोणी उरणार नाही."

"चर्च गेलं, नवरा गेला, वॉरन गेला. तुझ्या धमकीत उरलंय काय? ती खुर्ची जिथून घेतलीस तिथे ठेव आणि चालता हो."

त्याने खुर्ची ठेवली नाही. मारिसोलने ती उचलून जागेवर ठेवली आणि परत सोलायला बसली. ते सफरचंद सोलून झाल्यावर म्हणाली, "झाडू खरंच आहे का आत?"

"मोडलाय," अलिडा म्हणाली.

तिसऱ्या वर्षी जूनमध्ये बर्नाडीन जेवणाच्या सुट्टीत डब्यातला अर्धा सँडविच चावत असताना मध्येच म्हणाली, "लागलं."

"काय?"

"गवत. सगळीकडे नाही. फाट्याच्या बाजूने." आणि पुढचा घास घेतला. अलिडाने आपलं वाटाण्याचं सूप ढवळत ठेवलं. जास्त काही विचारलं नाही. ते पाणथळ तिने कधीच पाहिलं नाही.

त्याच वर्षी वॉरनला पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली, मंडळ पांगलं. झोपडीवरच्या ताडपत्र्या वाऱ्याने उडून झाडांत अडकल्या. अलिडा दर मंगळवारी सूप घेऊन जायला लागली. पहिल्या दिवशी चाकाच्या खुर्चीतून त्याने विचारलं, "माफी मागायला आलीस?"

"नाही. सूप द्यायला."

"माफी मागणार नाहीस?"

"नाही. गरम आहे तोवर प्या."

दोन महिने तो सूप पीत होता आणि भांडत होता. मग एका मंगळवारी मांडीवर ती चिलीम घेऊन बसलेला दिसला. "घेऊन जा," तो म्हणाला. "त्या तुझ्या बाईला देऊन टाक."

"मी नाही नेणार. तुम्ही आणलीत, तुम्ही न्या. गाडी मी चालवते."

ग्रीनहाऊसच्या फाटकाशी बर्नाडीन ट्रकमध्ये कुंड्या चढवत होती. वॉरनने गाडीच्या खिडकीतून उजव्या हाताने चिलीम पुढे केली आणि आधीपासून ठरवलेली दोन वाक्यं अडखळत म्हटली. बर्नाडीनने ती घेतली, उलटसुलट केली, नखाने टोक खरवडलं.

"ही आमची नाही," ती म्हणाली. "आमचीच काय, कोणाचीच नाही. खऱ्या लाल दगडाचीही नाही, सिमेंटची आहे. वरून रंग दिलाय."

वॉरन तिच्या नखाखालच्या लाल भुकटीकडे बघत राहिला. "मग... मी हिचं काय करू?"

"आलं परत!" बर्नाडीनने चिलीम त्याच्या मांडीवर ठेवली आणि अलिडाकडे पाहिलं. "यांनाही मलाच विचारायचंय."

 पुढच्या जूनमध्ये त्याने निरोप पाठवला, सणाला येऊ का म्हणून. या, असं अलिडाने कळवलं. सुताराने त्याची खुर्ची ढकलत मागच्या अंगणात आणली. खांबावर शेंगांचा वाडगा होता, माणसं अकरा होती. नवीन आलेल्या मुलीने आपलं नाव सांगितलं, तेव्हा त्यानेही सांगितलं, "वॉरन प्रुइट." पाऊण तास झाला. कोणी ढोल वाजवला नाही, कोणी मंत्र म्हटला नाही. एक चिमणी वाडग्यापाशी आली आणि गेली.

"अलिडा," तो शेवटी कुरकुरला, "तुझ्या या सणात काही मजा नाही गं."

"नाही," ती म्हणाली. "जरा डावीकडे घ्या खुर्ची, धूर तुमच्याकडे येतोय."